कॉस्मेटिक सर्जरी करताय? डॉक्टरची जबाबदारी काय, आणि सही करण्याआधी आपण काय तपासायचं

आम्ही काही जण दर शनिवारी ग्राहकांना मोफत सल्ला द्यायला बसतो. मागच्या वर्षी तिथे तिशीतला एक मुलगा आला. डोक्यावरची क्रिकेटची टोपी काढायला त्याला बराच वेळ लागला. पुढे केस बरे उगवले होते. पण डोक्याची मागची बाजू, जिथून मुळं काढून पुढे लावतात ती, कसर लागलेल्या शालीसारखी जागोजागी विरळ झाली होती. ‘काका, याची केस होईल का?’ त्याने विचारलं. शब्दातली गंमत त्याच्या लक्षात आली नाही, मीही हसलो नाही.

त्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत हप्त्यांच्या पावत्या होत्या, एक बिल होतं, आणि मोबाइलमध्ये संमतीपत्राचा फोटो होता. सही त्याचीच. ‘शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचं नाव’ या ओळीसमोर मात्र नुसती रेघ. ‘तुझं ऑपरेशन केलं कोणी?’ या प्रश्नाला त्याचं उत्तर होतं, ‘सुरुवातीला एक डॉक्टर येऊन पेनाने रेघ आखून गेले. मग दोन मुलं होती.’

हा लेख अशा लोकांसाठी आहे, आणि खरं तर त्यांच्या आधीच्या पायरीवर उभ्या असलेल्यांसाठी.

इथे रुग्ण आजारी नसतो

टिपूविरुद्धच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर असलेल्या कावसजी नावाच्या मराठी गाडीवानाचं नाक शत्रूने कापलं. पुण्याजवळच्या, वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका कारागीर वैद्याने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ते चित्रासह छापलं आणि युरोपातले सर्जन चाट पडले. ती दुरुस्ती होती. आज शाबूत नाक आणखी धारदार करून घ्यायला आपण जातो, ती हौस. हौस वाईट नाही. मात्र कायदा या दोन गोष्टी वेगळ्या धरतो.

हा फरक दोन रुक्ष ठिकाणी स्पष्ट दिसतो. वैद्यकीय सेवेला जीएसटी माफ आहे, पण कॉस्मेटिक सर्जरी आणि हेअर ट्रान्सप्लांटला ती माफी नाही. जन्मजात व्यंग, वाढीतला दोष, इजा किंवा अपघात यामुळे बिघडलेलं शरीर पूर्ववत करायचं असेल तरच ती मिळते. दुसरं ठिकाण तुमच्या आरोग्यविम्याची पॉलिसी. त्यातल्या ठरावीक अपवादांत कॉस्मेटिक सर्जरी असतेच. सर्जरीनंतर काही बिघडलं आणि आयसीयूत जावं लागलं, तर तो खर्च विमा कंपनी देईल का, हे आधी लेखी विचारून घ्या. बहुतेकांना ते दाखल झाल्यावर कळतं.

अपेंडिक्स फुटून आलेल्या माणसासमोर डॉक्टरला तासभर बसून समजावता येत नाही. पोटाची चरबी काढायला आलेल्या माणसासमोर येतं. इथे घाई कोणालाच नसते, त्यामुळे ‘सांगायला वेळ नव्हता’ ही सबब डॉक्टरला उरत नाही. तपासायची सवड असल्यामुळे आपल्यालाही उरत नाही.

पहिली पायरी: चाकू कोणाच्या हातात

पाटीवरचं ‘कॉस्मेटोलॉजिस्ट’, ‘एस्थेटिक फिजिशियन’, ‘ट्रायकोलॉजिस्ट’ असलं काही वाचून दबून जाऊ नका. प्लास्टिक सर्जनकडे एमबीबीएस आणि एमएसनंतर एमसीएच किंवा त्याच्या तोडीची डीएनबी पदवी असते. त्वचारोगतज्ज्ञाकडे एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा असतो. चार दिवसांच्या कार्यशाळेचं फ्रेममधलं सर्टिफिकेट म्हणजे पदवी नव्हे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने २०२२ मध्ये हेअर ट्रान्सप्लांटबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूबवर बघून मिळालेलं ज्ञान हे पुरेसं प्रशिक्षण नाही, असं त्यात चक्क लिहावं लागलं. त्यावरून परिस्थिती काय असेल ते ओळखा.

तपासणी अशी करायची. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक मागा. तो दवाखान्यात, प्रिस्क्रिप्शनवर आणि पावतीवर दिसला पाहिजे, हा २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेचा नियमच आहे. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकून नाव जुळतं का बघा. गोव्यात असाल तर गोवा वैद्यकीय परिषद. महाराष्ट्रात नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं, त्यामुळे ती चालू आहे का तेही बघा. एमबीबीएसबरोबर पदव्युत्तर पदवीची नोंद दिसते का, हे सगळ्यात महत्त्वाचं.

‘डॉक्टर’ ही उपाधी बीडीएस, बीएएमएस आणि बीएचएमएस झालेलेही लावतात. त्यांच्या त्यांच्या शास्त्रात त्यांचा मान आहेच. पण एका होमिओपॅथने ॲलोपॅथीचे उपचार केल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं आहे, की ज्या शास्त्राची पदवी नाही त्याची प्रॅक्टिस करणं हाच निष्काळजीपणा. तो वेगळा सिद्ध करावा लागत नाही.

मग थेट विचारा: ‘डॉक्टर, माझं ऑपरेशन सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुम्हीच करणार का? टेक्निशियन काय करणार?’ प्रामाणिक डॉक्टर याचा राग धरत नाही. हेअर ट्रान्सप्लांटमध्ये मदतनीस असतातच, त्यात गैर काही नाही. पण त्यांची जबाबदारी डॉक्टरवर असते आणि त्याने तिथे हजर राहायचं असतं.

दुसरी पायरी: जागा आणि भूल

महाराष्ट्रात रुग्णालय १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली नोंदलेलं असावं लागतं. नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर असतं. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रकही लावायला हवं. मॉलच्या वरच्या मजल्यावरच्या ‘स्टुडिओ’त यातलं काही नसेल आणि तिथे लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून काढायची शस्त्रक्रिया, होत असेल, तर लिफ्टने खाली या.

भूल कोण देणार, हे लोक सहसा विचारत नाहीत. पूर्ण भूल किंवा झोपेचं इंजेक्शन असेल तर भूलतज्ज्ञ हवा, आणि त्याने तुम्हाला आधी तपासायला हवं. ऑक्सिजन, हृदय पुन्हा सुरू करायचं डीफिब्रिलेटर, अ‍ॅलर्जीची जीवघेणी प्रतिक्रिया आली तर लागणारी औषधं जवळ आहेत का? आयसीयू कुठलं? ‘लोकलच आहे हो, काही होत नाही’ यावर विसंबू नका. मुंबईत २०१९ च्या मार्चमध्ये एक व्यावसायिक हेअर ट्रान्सप्लांटनंतर तीव्र अ‍ॅलर्जीसारखी लक्षणं होऊन दगावला. २०२२ च्या मे महिन्यात बंगळुरूत चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर एकवीस वर्षांची कन्नड अभिनेत्री गेली. लायपोसक्शनमध्ये एका वेळी पाच लिटरच्या वर काढायचं असेल, तर ते रुग्णालयात आणि रात्रभर देखरेखीखालीच व्हायला हवं, असा जगभरचा दंडक आहे. तुमचे किती लिटर काढणार, हे विचारायला लाजू नका.

तिसरी पायरी: गाठ डॉक्टरशी घ्या, काउन्सेलरशी नको

काचेच्या केबिनमध्ये बसलेली, गोड बोलणारी, ‘आज बुक केलंत तर वीस टक्के ऑफ’ म्हणणारी व्यक्ती डॉक्टर नसते. तिला विक्रीचं टार्गेट असतं. तिच्याशी पैशांचं बोला, शरीराचं नको. फी आधी सांगणं ही डॉक्टरची जबाबदारी आहेच. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन देणं किंवा घेणं आचारसंहितेला मंजूर नाही.

जाहिरातीबद्दल तर आचारसंहिता भलतीच कडक आहे. डॉक्टरने प्रत्यक्ष किंवा आडवळणाने रुग्ण खेचणं हे गैरवर्तन. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, रजेवरून परतलो, अशा मोजक्या निवेदनांना मुभा आहे. मग रस्तोरस्ती होर्डिंग कसली? पुष्कळदा ती डॉक्टरच्या नावावर नसतात, कंपनीच्या नावावर असतात, आणि वैद्यकीय परिषदेचा हात डॉक्टरपर्यंतच पोहोचतो. कंपनीसाठी दुसरं दार आहे: फसव्या जाहिरातीची तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अशा जाहिरातीबद्दल दहा लाखांपर्यंत, पुन्हा चूक केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकतं. लठ्ठपणा घालवणारं किंवा स्तनांचा आकार सुधारणारं औषध म्हणून जाहिरात असेल, तर १९५४ च्या जादूटोणा-औषध जाहिरातींच्या कायद्यातही ती बसते.

‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो दाखवले तर विचारा, हे रुग्ण तुमचेच का, आणि किती महिन्यांनंतरचा फोटो आहे? तुमचे स्वतःचे फोटो ओळख पटेल अशा रीतीने तुमच्या परवानगीशिवाय छापता येत नाहीत. उपचाराच्या संमतीत ही परवानगी गुपचूप घुसडलेली असते, ती ओळ खोडून टाका.

एक चांगलं लक्षण सांगतो. जो डॉक्टर ‘तुम्हाला याची गरज नाही’ किंवा ‘सहा महिने थांबा’ म्हणतो, त्याचा नंबर जपून ठेवा. नाकातल्या न दिसणाऱ्या व्यंगाने रात्रंदिवस झुरणाऱ्या, तिसऱ्यांदा तेच ऑपरेशन करून घ्यायला आलेल्या माणसाला खरी गरज मानसोपचाराची असू शकते. त्याच्या हट्टापायी चाकू चालवणं नीतीत बसत नाही. तातडीचा प्रसंग नसेल तर नकार द्यायचा डॉक्टरला हक्क आहे. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींच्या बाबतीत तर आईवडिलांची सही असली तरी सर्जनने दहादा विचार करायला हवा.

चौथी पायरी: संमतीपत्र

इथे जरा सावकाश वाचा.

समीरा कोहली प्रकरण वैद्यकीय कायद्यात कायम उद्धृत होतं. १९९५ मध्ये चव्वेचाळीस वर्षांची एक अविवाहित बाई दुर्बिणीच्या तपासणीसाठी भुलेखाली गेली. आत आजार दिसला. बाहेर तिची म्हातारी आई बसली होती, तिची सही घेऊन डॉक्टरने गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकले. वैद्यकीय दृष्ट्या निर्णय योग्य असेलही. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की तपासणीची संमती म्हणजे ऑपरेशनची संमती नव्हे. रुग्ण सज्ञान आहे, थोड्या वेळाने शुद्धीवर येणार आहे, जीव धोक्यात नाही, मग आईची सही चालणार नाही. ऑपरेशनची फी बुडाली आणि वर पंचवीस हजारांची भरपाई द्यावी लागली. रक्कम किरकोळ, तत्त्व मोठं. नाक करता करता ‘हनुवटीलाही थोडं फिलर टाकलं, छान दिसतंय’ हे त्यात बसत नाही.

त्याच निकालात डॉक्टरने काय सांगायचं तेही आलं: काय करणार, कशासाठी, फायदा किती, पर्याय कोणते, मोठे धोके कोणते, आणि नाही केलं तर काय होईल. लाखात एखाद्याला होणारा प्रत्येक धोका सांगायलाच हवा असं न्यायालय म्हणत नाही. कॉस्मेटिक सर्जरीत ‘नाही केलं तर काय’ याचं उत्तर बहुतेकदा ‘काही नाही’ असं असतं, आणि तेवढं सांगितलं तरी अर्धे लोक घरी परत जातील. न सांगण्याचं कारणही कदाचित तेच असेल.

ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्ये कॉस्मेटिक उपचारांसाठी सांगितलं, की संमती ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरनेच घ्यायची आणि रुग्णाला विचार करायला वेळ द्यायचा. आपल्याकडे असा सक्तीचा थांबा कायद्यात नाही. तो आपणच घ्यायचा. फॉर्म घरी न्या. नेऊ देत नसतील तर ते उत्तर समजा.

घरी तो असा वाचा. ऑपरेशनचं नेमकं नाव आणि जागा लिहिली आहे का? सर्जनचं आणि भूलतज्ज्ञाचं नाव आहे का? धोके तुम्हाला कळणाऱ्या भाषेत, मराठीत आहेत का? कोऱ्या जागा आहेत का? असतील तर त्यावर आडवी रेघ मारून सही करा, तारीख आणि वेळ टाका. ‘काहीही झालं तरी मी कोर्टात जाणार नाही’ हे वाक्य बघून घाबरू नका. न्यायालयाचा दरवाजा करारानेच बंद करणं भारतीय करार कायद्याच्या कलम २८ प्रमाणे निरर्थक ठरतं, आणि संमती असते ती धोक्याला, निष्काळजीपणाला नव्हे. सही झाली की लगेच प्रत्येक पानाचा फोटो काढा.

आपल्या बाजूनेही काही देणं लागतं. सिगारेट, रक्त पातळ करायच्या गोळ्या, मधुमेह, आधी झालेली अ‍ॅलर्जी, यातलं काही लपवलं तर उद्या डॉक्टरचा वकील नेमकं तेच काढणार. पोट ताणून घ्यायच्या ऑपरेशनमध्ये सिगारेट ओढणाऱ्याची कातडी काळी पडू शकते, आणि त्यात सर्जनचा हात चुकलेला नसतो.

पाचवी पायरी: कागद जमवा

जीएसटीसह पक्कं बिल घ्या, रोख दिले तरी. बोटॉक्स, फिलर किंवा इम्प्लांट असेल तर कंपनी आणि लॉट नंबर असलेलं स्टिकर मागून घ्या. स्तनांच्या खरबरीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांट २०१९ मध्ये कॅन्सरच्या धोक्यामुळे जगभरातून परत मागवल्या गेल्या. स्टिकर नसेल तर आपल्या शरीरात कोणती बसवली आहे हे बाईला कळणार कसं?

पुढे त्रास झाला तर सगळ्यात आधी लेखी अर्ज करून केसपेपरची प्रत मागा: ऑपरेशनच्या नोंदी, भुलेचा तक्ता, संमतीपत्र, फोटो. अर्जावर पोच घ्या. ७२ तासांत कागद देणं बंधनकारक आहे, न देणं हे गैरवर्तन. भरती झालेल्या रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षं ठेवायचं बंधन आहे, तेव्हा ‘बघू नंतर’ असं करत बसू नका.

बिघडलं तर

मनासारखं झालं नाही, एवढ्याने निष्काळजीपणा ठरत नाही. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात, खरा परिणाम नऊ-बारा महिन्यांनी दिसतो. नाकाची सूज उतरायला वर्ष लागू शकतं. तिसऱ्या महिन्यात तक्रार घेऊन येणाऱ्याला आम्ही परत पाठवतो. समान पात्रतेचा साधारण डॉक्टर जेवढी काळजी घेईल तेवढी घेतली का, हा निकष. ‘शंभर टक्के रिझल्ट’ असं क्लिनिकने लेखी दिलं असेल तर मात्र बाजू पालटते. आणि एकदा रुग्ण हातात घेतल्यावर, जखम चिघळल्यावर डॉक्टरला फोन बंद करून बसता येत नाही.

दारं तीन आहेत, आणि त्यांची कामं वेगळी.

पैसे हवे असतील तर ग्राहक आयोग. डॉक्टरची सेवा ग्राहक कायद्यात येते हे १९९५ पासून पक्कं आहे. मुदत दोन वर्षांची. दिलेली फी पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. इथे भरपाईचा आकडा बघत नाहीत, मोजलेले पैसे बघतात, म्हणजे जवळपास सगळी प्रकरणं जिल्ह्यातच. मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर कोर्ट फी शून्य. क्लिनिक मुंबईत आणि तुम्ही सांगलीत राहत असाल तर सांगलीत तक्रार करता येते. वकील सक्तीचा नाही, ऑनलाइन दाखल करता येतं. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटलं आहे. तरीही दुसऱ्या प्लास्टिक सर्जनचं लेखी मत मिळालं तर तक्रारीत जीव येतो. ते मिळवणं हेच सगळ्यात अवघड, डॉक्टर डॉक्टरविरुद्ध लिहायला नाखूश असतात. सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत दाखवून केसपेपर करून घेणं हा त्यातला सोपा मार्ग. आणि तक्रारीत डॉक्टरबरोबर क्लिनिकलाही पक्षकार करा.

डॉक्टरवर कारवाई हवी असेल तर वैद्यकीय परिषद. ती ताकीद देते, नाव काही काळ किंवा कायमचं काढते. भरपाई देत नाही. नियमात सहा महिन्यांत निकाल असं लिहिलंय, पण तेवढ्यात होईल अशी आशा धरू नका. राज्य परिषदेच्या निकालावर अपिलाचा हक्क कायद्याने डॉक्टरला स्पष्ट दिला आहे, रुग्णाला दिलेला नाही. ही मला उघड अन्यायाची गोष्ट वाटते.

पोलीस ठाणं शेवटचं. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार गुन्हा ठरायला ढोबळ निष्काळजीपणा लागतो, आणि पोलिसांनी आधी स्वतंत्र, शक्यतो सरकारी डॉक्टरचं मत घ्यायचं असतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागू आहे. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर इतरांना पाच वर्षांपर्यंत कैद आहे, नोंदणीकृत डॉक्टरला उपचारात दोन वर्षांपर्यंत. ही सवलत मान्यताप्राप्त पदवीच्या नोंदणीकृत डॉक्टरलाच. रेघ आखून डॉक्टर निघून गेल्यावर उरलेल्या ‘दोन मुलांना’ ती नाही.

त्या टोपीवाल्या मुलाला आम्ही कागदांचा अर्ज करायला लावला. तिसऱ्या दिवशी प्रती मिळाल्या. संमतीपत्रावर सर्जनच्या ओळीसमोर आता एका डॉक्टरांचं नाव होतं. सही निळ्या शाईत, ते नाव काळ्या. त्याच्या मोबाइलमधला रिकाम्या रेघेचा फोटो ऑपरेशनच्या दिवशीचा होता, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांचा. दोन्ही आम्ही तक्रारीला शेजारी शेजारी जोडले. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.